बधिर पाय, नामंजूर दावा आणि मधली कडी

प्रश्न थोडक्यात असा. ओहायोत राहणाऱ्या एका मराठी सूनबाई विचारतात: सासरे अमेरिकन, वय सत्त्याहत्तर. १९६९-७० मध्ये व्हिएतनामला लाँग बिन्हच्या तळावर ट्रकदुरुस्तीच्या कामावर होते. निवृत्तीच्या आसपास दोन्ही तळपाय बधिर व्हायला लागले. आता रात्री पायांची आग होते, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, हाताच्या बोटांच्या टोकांनाही मुंग्या येतात. एजंट ऑरेंजमुळे नसा गेल्या म्हणून त्यांनी काही वर्षांपूर्वी व्हीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याकडे, दावा केला होता. त्रास सेवेनंतर वर्षभरात सुरू झाल्याची नोंद नाही, या कारणाने तो नामंजूर झाला. 'शुगर जरा जास्त' म्हणून मेटफॉर्मिन मात्र बरीच वर्षं चालू आहे. पुन्हा अर्ज करण्यात अर्थ आहे का? वकील करावा का?

ताई, अर्थ आहे. मी न्यूरॉलॉजिस्ट आहे, वकील नाही. पण दाव्यांसाठीच्या तपासण्या मी केल्या आहेत आणि माजी सैनिकांच्या बाजूने वैद्यकीय अभिप्रायही लिहिले आहेत, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. तुमच्या लिहिण्यात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता टाकलं आहे. ते मेटफॉर्मिनचं.

आधी दावा का पडला ते बघू. अमेरिकेने १९६२ ते १९७१ या काळात व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर तणनाशकं फवारली. त्यांतलं सर्वांत जास्त वापरलं गेलेलं म्हणजे एजंट ऑरेंज, आणि त्यात टीसीडीडी नावाचं डायॉक्सिन, म्हणजे एक विषारी रसायन, भेसळीसारखं आलेलं होतं. १९९१ च्या कायद्यानंतर व्हीएने आजारांची एक यादी केली. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात जो व्हिएतनामच्या भूमीवर होता, त्याचा संपर्क आला असं सरकार गृहीत धरतं, आणि यादीतला आजार त्याला झाला तर तो त्या संपर्कानेच झाला असंही धरून चालतं. पुरावा मागत नाही. नसांचा आजार या यादीत आहे, पण 'अर्ली ऑनसेट पेरिफेरल न्यूरोपथी' या नावाने, आणि अट अशी की शेवटच्या संपर्कापासून एका वर्षाच्या आत तो किमान १० टक्के तीव्रतेने दिसायला हवा (व्हीए अपंगत्व टक्क्यांत मोजतं आणि त्यावरून भरपाई ठरवतं). पूर्वी आणखी एक अट होती: दोन वर्षांत तो बराही व्हायला हवा! ती २०१३ मध्ये काढली. एका वर्षाची राहिली.

आता १९७१ साली, लढाईवरून जिवंत परतलेला बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा पायाला मुंग्या येतात म्हणून डॉक्टरकडे जाऊन नोंद करून ठेवेल का? त्यामुळे या दाराने आत गेलेले फार थोडे. तुमच्या सासऱ्यांना तर त्रासच साठीत सुरू झाला. व्हीएने त्या दाव्यावर जे उत्तर दिलं ते नियमाला धरून होतं.

वैद्यकीय दृष्टीनेही डायॉक्सिनने थेट नस मारली हे त्यांच्या बाबतीत सांगणं अवघड आहे. विषाने होणाऱ्या बहुतेक न्यूरोपथी संपर्क चालू असताना किंवा त्यानंतर थोड्याच काळात दिसतात. संपर्क थांबल्यावर काही आठवडे-महिने वाढतात, मग थबकतात. पस्तीस-चाळीस वर्षं गप्प बसून पायांच्या बोटांपासून हळूहळू वर चढणारी न्यूरोपथी हा त्यांचा स्वभाव नाही. असा स्वभाव असतो मधुमेहाच्या न्यूरोपथीचा.

आणि टाइप २ मधुमेह २००१ पासून एजंट ऑरेंजच्या यादीत आहे, वर्षाची कुठलीही अट न घालता. सेवेनंतर चाळीस वर्षांनी झाला तरी चालतो. सेवेमुळे झालेल्या आजारातून जो दुसरा आजार उद्भवतो तोही सेवेमुळेच झाला असं मानायचं, असा व्हीएचा जुना नियम आहे. त्याला सेकंडरी क्लेम म्हणतात. म्हणजे विषापासून नसेपर्यंत थेट पूल बांधायची गरजच नाही. विषापासून मधुमेहापर्यंतचा पूल सरकारने आधीच बांधून ठेवलाय. मधुमेहापासून नसेपर्यंतचा कुठलाही डॉक्टर बांधून देईल. नसांच्या दाव्यात मी पहिल्यांदा हेच शोधतो: विष आणि नस यांच्या मधे यादीतला एखादा आजार उभा आहे का?

मधुमेह ही सर्वांत नेहमीची मधली कडी, पण एकमेव नाही. एएल अमायलॉइडोसिस, म्हणजे असामान्य प्रथिन अवयवांत साचण्याचा आजार, यादीत आहे, आणि तो नसा खातो. रक्तात एक असामान्य प्रथिन सापडतं त्या एमजीयूएस नावाच्या स्थितीला २०२२ च्या पॅक्ट कायद्याने (विषारी संपर्कात आलेल्या सैनिकांसाठीचा कायदा) व्हिएतनामवाल्यांच्या यादीत घातलं. त्यातूनही न्यूरोपथी होते, आणि ती पकडायला लागते ती फक्त प्रथिनांची एक साधी रक्ततपासणी, जी न्यूरोपथीच्या रुग्णाची करायलाच हवी पण वारंवार राहून जाते. हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड मंदावणं, यादीत २०२१ मध्ये आला, आणि त्यानेही नसा बिघडू शकतात. मल्टिपल मायलोमा आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमा हे कॅन्सर तर पूर्वीपासून आहेत, आणि त्यांवरची बॉर्टेझोमिब, थॅलिडोमाइड, व्हिन्क्रिस्टिन ही औषधं नसांना त्रास देण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत. औषधाने झालेली न्यूरोपथी म्हणजे उपचाराचा परिणाम, उपचार यादीतल्या आजारावरचे, म्हणून तीही दाव्यात बसते. कॅन्सरमधून बरे झालेले कितीतरी लोक कॅन्सरचे टक्के घेतात आणि बधिर पायांबद्दल बोलतच नाहीत.

आता 'शुगर जरा जास्त' याकडे. इथे दावे अडतात. प्रीडायबेटिस हा व्हीएच्या लेखी आजार नाही, तो फक्त रक्ताचा आकडा. निदान टाइप २ मधुमेहाचं लागतं. तेव्हा सासऱ्यांचे जुने रिपोर्ट, विशेषतः मेटफॉर्मिन सुरू होण्याच्या आधीचे, काढून घ्या. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.५ किंवा जास्त, नाहीतर उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, असं दोनदा आलेलं असेल तर ते मधुमेहाचं निदान झालं, मग फाइलवर कुणी 'बॉर्डरलाइन' लिहिलेलं असो. नेहमीच्या डॉक्टरांपुढे ते कागद ठेवा आणि निदान नीट नोंदवायला सांगा. आजचा एचबीएवनसी ६.२ आहे म्हणून मधुमेह नाही असं होत नाही. गोळीने आटोक्यात असलेला मधुमेह हा मधुमेहच असतो. पण आकडे कधीच त्या रेषेपलीकडे गेले नसतील, तर मग गेलेले नाहीत. डॉक्टरांवर दबाव आणून निदान लिहून घ्यायच्या फंदात पडू नका. तसल्या फाइली पहिल्याच तपासणीत उघड्या पडतात आणि खऱ्या तक्रारींवरचाही विश्वास उडतो.

मेटफॉर्मिनबद्दल आणखी एक. ते वर्षानुवर्षं घेतलं की अनेकांचं बी-१२ कमी होतं, आणि बी-१२ कमी झालं की न्यूरोपथी होते. परीक्षक डॉक्टर कधी कधी लिहितात: 'न्यूरोपथी बी-१२ च्या कमतरतेमुळे, मधुमेहामुळे नव्हे, सबब सेवेशी संबंध नाही.' वाचून घरचे खचतात. पण मेटफॉर्मिन दिलं कशासाठी? मधुमेह सेवेशी जोडला गेला की त्यावरच्या औषधाचा दुष्परिणामही जोडला जातो. हा एक मुद्दा अभिप्राय लिहिणाऱ्या डॉक्टरने दोन वाक्यांत मांडला तर नकाराचं कारणच होकाराचं कारण होतं. बी-१२ ची तपासणी मात्र आजच करून घ्या, दाव्यासाठी नाही, पायांसाठी. ती कमतरता भरून काढता येते.

ईएमजी आणि नर्व्ह कंडक्शन, म्हणजे स्नायू-नसांची विजेवरची तपासणी, नॉर्मल आली म्हणून न्यूरोपथी नाही, असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका. या तपासण्या जाड तंतूंचं काम मोजतात. आग, टोचणी, गरम-गार न कळणं हे बारीक तंतूंचं काम, आणि ते या यंत्रात दिसतच नाही. त्यासाठी घोट्याच्या वर त्वचेचा तीन मिलिमीटरचा तुकडा घेऊन तंतूंची घनता मोजतात. प्रत्येकाला ती बायॉप्सी लागत नाही. चांगली हातांनी केलेली तपासणी, म्हणजे कंप कळतो का यासाठी ट्यूनिंग फोर्क, दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट, टाचणी, घोट्याचा रिफ्लेक्स, नडग्यांवरचे केस गेलेत का, कातडी तुकतुकीत झालीय का, हे नीट लिहिलेलं असेल तर पुरतं. कंबरेच्या मणक्याचं दुखणंही असेल तर फरक लिहून घ्या: मोजा घातल्यासारखा दोन्ही पायांना सारखा बधिरपणा न्यूरोपथीचा, एका बाजूने मांडीतून पट्टा ओढल्यासारखा उतरणारा त्रास मणक्याचा. साठीपुढच्या कुणाचाही एमआरआय काढा, मणका खराब दिसतोच, आणि सगळं त्याच्यावर ढकलून मोकळं होता येतं.

व्हीए दाव्यासाठी ज्या तपासणीला पाठवेल तिला सी अँड पी (कॉम्पेन्सेशन अँड पेन्शन) म्हणतात. बहुतेक वेळा ती बाहेरच्या कंत्राटी डॉक्टरकडे होते आणि लवकर आटपते. त्या पिढीचे सैनिक 'कसं काय?' विचारल्यावर 'फाइन' म्हणतात, जसे आपले आजोबा ताप अंगात असताना 'बरं आहे' म्हणायचे. ते 'फाइन' तसंच्या तसं टाइप होतं. सासऱ्यांना आधीच सांगा: वाईट दिवस कसा असतो ते बोला. किती वेळा पडलात, रात्री किती वेळा उठता, गाडी चालवताना ब्रेक पायाखाली कळतो का, शर्टाची बटणं लागतात का. वाढवून नको, गाळूनही नको. आणि तुम्ही व सासूबाईंनी वेगवेगळी निवेदनं लिहा. बघितलेलं सांगण्याचा घरच्यांचा अधिकार तिथले कायदे मान्य करतात. निदान करण्याचा नाही. 'त्यांना एजंट ऑरेंजची न्यूरोपथी आहे' असं सासूबाईंनी लिहिलं तर त्याला किंमत शून्य. 'गरम टबात पाय घातला, फोड आले, त्यांना कळलं नाही' याला किंमत आहे.

वैद्यकीय अभिप्रायात जादूचं एक वाक्य लागतं असं सगळे समजतात: 'ॲट लीस्ट ॲज लाइकली ॲज नॉट', म्हणजे शक्यता निम्मी किंवा जास्त. वाक्य लागतंच, कारण शंकेचा फायदा सैनिकाला हा नियम आहे आणि पारडी समसमान असली तरी तो जिंकतो. पण नुसतं ते वाक्य असलेलं एका परिच्छेदाचं पत्र कुणी मनावर घेत नाही. २००८ मधल्या निएव्हेस-रॉड्रिगेझ खटल्यापासून न्यायालयाचं म्हणणं स्पष्ट आहे की अभिप्रायाचं वजन त्यामागच्या कारणमीमांसेत असतं. फाइल वाचली का, मधुमेह आधी की बधिरपणा आधी, दारू किती, मणका, बी-१२, थायरॉइड यांचं काय, हे सगळं त्यात यायला हवं. दारूचा इतिहास असेल तर लपवू नका. फाइलमध्ये तो असतोच, आणि न उल्लेखलेली दारू उल्लेखलेल्या दारूपेक्षा जास्त नुकसान करते.

थेट संबंधाचा रस्ता बंद नाही हेही सांगतो. १९९४ च्या कॉम्बी खटल्यात ठरलं की यादीत बसला नाही म्हणून सैनिकाला स्वतः पुरावा देऊन संबंध सिद्ध करायला मज्जाव करता येत नाही. 'वर्षाच्या आत नाही, म्हणून संबंध नाही' एवढंच लिहिणारा परीक्षक अपुरा अभिप्राय देतो. शिवाय पॅक्ट कायद्यानंतर, विषारी संपर्काचा धोका असलेल्या कामात सैनिक होता हे दिसलं की व्हीएने तपासणी आणि अभिप्राय मागवायचा असतो, आणि त्यात सगळ्या संपर्कांचा एकत्रित विचार करायचा असतो. ट्रकचे भाग सॉल्व्हंटमध्ये धुतले असतील तर तेही लिहा. एन-हेक्झेनसारखी सॉल्व्हंट नसांना नक्की घातक असतात. पण तुमच्या सासऱ्यांसाठी हा दुय्यम रस्ता. मधुमेह सिद्ध होत असेल तर सगळी ताकद तिकडे लावा.

कागदांचं बघू. आज फोनवर किंवा ऑनलाइन 'इंटेंट टू फाइल' नोंदवा. त्याने तारीख धरली जाते आणि अर्ज पूर्ण करायला एक वर्ष मिळतं. मंजुरी आली की पैसे सहसा त्या तारखेपासून मोजतात. मधुमेहाचा दावा पूर्वी केलेला नसेल तर तो नवा, फॉर्म २१-५२६ईझेड. न्यूरोपथीचा मात्र आधी नामंजूर झालेला आहे, आणि कारण बदललं तरी दावा तोच धरला जातो. म्हणून तो सप्लिमेंटल क्लेम, फॉर्म २०-०९९५, आणि त्यासोबत नवा व संबंधित पुरावा, म्हणजे मधुमेहाचं निदान आणि डॉक्टरांचा अभिप्राय. दोन्ही एकदमच पाठवा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तोही सांगा, पॅक्ट कायद्याने तो व्हिएतनामवाल्यांच्या यादीत आणला. डीडी-२१४ हा सेवेचा कागद घरात नसेल तर सेंट लुईसच्या अभिलेखागारातून मिळतो. '१९७३ च्या आगीत सगळं जळलं' असं कुणी सांगेल. त्या आगीत लष्कराच्या ज्या फाइली गेल्या त्या १९६० च्या आधी सेवामुक्त झालेल्यांच्या.

एजंट ऑरेंज रजिस्ट्रीची (संपर्कात आलेल्यांच्या व्हीएच्या आरोग्य-नोंदवहीची) तपासणी किंवा व्हीएच्या दवाखान्यातलं टॉक्सिक स्क्रीनिंग झालं म्हणजे दावा दाखल झाला असं नाही. या गैरसमजात माणसांची वर्षं गेली आहेत.

टक्के कसे लागतात? आपल्याकडच्या अपंगत्व निवृत्तिवेतनासारखं हे शेवटच्या पगारावर ठरत नाही. शिपाई असो की कर्नल, टक्के तेच तर रक्कम तीच. प्रत्येक पाय, प्रत्येक हात वेगळा मोजतात. सायॅटिक नसेच्या तक्त्यात सौम्य १०, मध्यम २०, त्यापुढे ४०, स्नायू झिजलेले असतील तर ६०, पूर्ण लुळेपणाला ८०. त्रास फक्त संवेदनेचा असेल तर मध्यमच्या वर सहसा जात नाहीत, म्हणून घोट्याची ताकद कमी झालीय का, पाऊल लटकतं का, हे तपासणीत नोंदलं गेलंच पाहिजे. बेरीज सरळ होत नाही. दोन्ही पाय २०-२० म्हणजे ४० नव्हे तर ३६, कारण दुसरे २० उरलेल्या ८० चे धरतात. दोन्ही बाजू बाधित म्हणून त्यात ३६ चा दहावा हिस्सा आणखी, ३९.६, म्हणजे ४०. गोळी आणि पथ्यावरच्या मधुमेहाचे २० त्यात मिसळले की ५२, आणि जवळच्या दहाच्या पटीत ते उतरून ५०. हात धरले तर वर जाईल. २०२५ च्या दराने १० टक्क्यांना महिना सुमारे १७५ डॉलर, एकट्या माणसाला ५० टक्क्यांना सुमारे १,१००, १०० टक्क्यांना ३,८०० च्या वर; बायको अवलंबून असेल तर ३० टक्क्यांपासून थोडे जास्त. कर लागत नाही. पावलं खरोखर निकामी झाली असतील तर स्पेशल मंथली कॉम्पेन्सेशन नावाचं जादा भरपाईचं वेगळं प्रकरण आहे. तिथे मात्र जाणकार सोबत हवाच.

जाणकार म्हणजे वकीलच असं नाही. डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे आणि काउंटीचे (म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे) मान्यताप्राप्त प्रतिनिधी फुकट काम करतात. ओहायोत तर प्रत्येक काउंटीला माजी सैनिकांचं कार्यालय आहे. पहिल्या दाव्यासाठी पैसे घ्यायची कायद्याने कुणालाच मुभा नाही. निर्णय आल्यानंतर मान्यताप्राप्त वकील फी घेऊ शकतो, ती थकबाकीतून, आणि २० टक्क्यांपर्यंत वाजवी मानतात. 'आम्ही फक्त सल्ला देतो, वाढलेल्या पेन्शनच्या पाच-सहा महिन्यांचे पैसे द्या' असा करार पुढे करणाऱ्या कंपन्यांना इथे क्लेम शार्क म्हणतात. सही करू नका. तुमच्यासारखी गुंतागुंत असेल, म्हणजे जुना नकार आणि नवी कारणसाखळी, तर आधी काउंटीच्या माणसाकडे जा. पुन्हा नकार आला तर मग वकील. एका वर्षाच्या आत.

हे वाचणाऱ्यांत इराक-अफगाणिस्तानातून आलेल्यांच्या घरचेही असतील, म्हणून त्यांच्यापुरतं. बर्न पिटच्या (तळावर कचरा जाळायच्या खड्ड्यांच्या धुराच्या) यादीत श्वसनाचे आजार आणि कॅन्सर आहेत, न्यूरोपथी नाही. पण मल्टिपल मायलोमा आणि रक्ताचे कॅन्सर जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्याही यादीत आले, तेव्हा औषधांची कडी तिथेही लागते. आखाती युद्धातल्यांसाठी निदान न झालेल्या आजाराचा वेगळा नियम आहे आणि त्यात मज्जासंस्थेची लक्षणं मोजली जातात. गंमत अशी की तिथे डॉक्टरने 'न्यूरोपथी' असं ठोस निदान लिहिलं की तो नियमच लागू होत नाही. कॅम्प लजून या अमेरिकेतल्या मरीन तळावरच्या दूषित पाण्याच्या यादीत पार्किन्सन्स आहे, पायांच्या नसा नाहीत.

सासऱ्यांचं वय बघता एक गोष्ट सासूबाईंच्या कानावर आजच घाला. दावा चालू असताना त्यांचं काही बरंवाईट झालं, तर एका वर्षाच्या आत अर्ज करून पत्नीला तोच दावा त्यांच्या जागी पुढे चालवता येतो. मृत्यू सेवेशी जोडलेल्या आजाराने झाला तर तिला डीआयसी नावाचं मासिक वेतन मिळतं, आणि मृत्यूच्या दाखल्यावर मधुमेह हे कारण किंवा साहाय्यक कारण म्हणून लिहिलेलं आहे की नाही यावर बरंच अवलंबून असतं. दाखला लिहिणाऱ्या डॉक्टरला सहसा हे माहीत नसतं. त्याला ते घरच्यांनीच सांगावं लागतं.